आज्जीची अर्धी वाकळ

माणगंगाकाठ (धागाकर्ता)

येत्या कार्तिकात आज्जीला जाऊन वर्ष होईल. वर्षश्राद्धाच्या आधी घर आवरायचं म्हणून आईनं मला माळ्यावर चढवलं आणि मागच्या कोपऱ्यातली पत्र्याची पेटी खाली घ्यायला लावली. वर दोन जुनी लुगडी, पंढरपूरच्या बुक्क्याची पुडी, तुळशीच्या माळेचे सुटे मणी. खाली एक वाकळ. अर्धी शिवलेली. मधे जेवायच्या ताटाएवढी जागा मोकळी, आणि तिथं सुई तशीच टोचलेली, दोऱ्यासकट.

आज्जीनं आयुष्यात किती वाकळा शिवल्या त्याला मोजदाद नाही. महिन्याभरात एक हातावेगळी करायची. ही का राहिली, कुणालाच माहीत नाही. आई म्हणते, "चातुर्मासात काढायची बाहेर, चार ओळी घालायची, परत ठेवायची. मी कधी विचारलं नाही." आतल्या ओळींतली ठिगळं मला ओळखू येतात. माझ्या शाळेच्या गणवेशाची खाकी चड्डी, आत्याचा फुलाफुलांचा झगा, आजोबांच्या पायजम्याचं पट्ट्यापट्ट्याचं कापड. कडेला मात्र सगळं एक हिरवं लुगडं फाडून लावलंय. ते कुणाचं, ते आईलाही सांगता येईना. हिरवं नेसलेली आज्जी आम्हाला कुणालाच आठवत नाही.

आता आज्जीबद्दल थोडं. गाव माण तालुक्यातलं, साताऱ्याचा पूर्वेकडचा दुष्काळी पट्टा. आधार कार्डावर जन्मतारीख १ जानेवारी १९३९. (आमच्या गावची निम्मी म्हातारी माणसं १ जानेवारीलाच जन्मलेली आहेत.) तिचं स्वतःचं कॅलेंडर वेगळं होतं. "कोयनेचा भूकंप झाला तवा तुजा बाप चार दिसांचा व्हता." भूकंप ११ डिसेंबर १९६७चा, पहाटेचा. म्हणजे वडिलांचा जन्म ७ डिसेंबरचा. शाळेच्या दाखल्यावर १ जून १९६६ आहे. वडील त्याच तारखेला निवृत्त होतील. आज्जीला हे पटवून द्यायला कुणाच्या बापाला जमलं नसतं.

आजोबा मुंबईत गिरणीत, साचेखात्यात, म्हणजे मागांवर. आज्जी गावी. बहात्तरच्या दुष्काळात दोन पोरं बांधावर बसवून तिनं रस्त्याच्या कामावर खडी फोडली. कामावर मिळणाऱ्या सुकडीची चव तिला अखेरपर्यंत आठवायची. मिलो ज्वारीची भाकरी मात्र म्हणे गिळता यायची नाही, लाल, चिवट, "ढोरांचं खाणं." पाऊस झाल्यावरही आजोबा म्हणाले, आता इथं नको. १९७४ला लालबागला गेली आणि दहा बाय बाराच्या खोलीत खानावळ घातली. गावाकडचे बारा गडी. पहिली पाळी, दुसरी पाळी, रातपाळी, तिन्ही पाळ्यांचं जेवण, त्यामुळे स्टो कधी थंड झाला नाही. जानेवारी १९८२ला संप झाला. सहा महिने तिनं बाराही जणांना उधारीवर जेवू घातलं. पुढच्या वर्षी ट्रंक घेऊन गावी परतली. त्यातल्या तिघांनी नंतर पैसे पाठवले. बाकीच्यांचं नाव तिनं कधी घेतलं नाही, आणि विचारलं तर म्हणायची, "त्यांचं तरी कुटं व्हतं."

परतल्यावर माळ घातली. दरवर्षी लोणंदला माउलींच्या पालखीत सामील व्हायची, चांदोबाच्या लिंबाजवळचं उभं रिंगण बघायची आणि मग पंढरपूरपर्यंत चालत. डोक्यावर तुळस, काखेत बोचकं, बोचक्यात सुईदोरा. मुक्कामाला लोक पाय चेपून घ्यायचे, ही दुसऱ्यांच्या फाटलेल्या पिशव्या शिवून द्यायची. २०२०ला वारी पायी निघाली नाही, पादुका एसटीनं पंढरपूरला गेल्या. टीव्हीवर ते बघून म्हणाली, "देवालाबी तिकीट काढावं लागलं." आणि त्या अठरा-वीस दिवसांत रोज संध्याकाळी हरिपाठ म्हणत अंगणातल्या तुळशीला फेऱ्या घातल्या. किती, ते तिनं मोजलं असणार. आम्ही नाही.

तर प्रश्न दोन.
एक, ही वाकळ पूर्ण करून घ्यावी का? कुणी शिवून देतं का? की सुईसकट तशीच ठेवू?
दोन, आज्जीला जात्यावरच्या ओव्या शेकड्यांनी यायच्या. माझ्याकडे मोबाइलवर एकच व्हिडिओ रेकॉर्डिंग आहे, चार मिनिटांचं, त्यात दोन मिनिटं आमचा मिक्सर ऐकू येतो. त्या ओव्या आता कुठं सापडतील?

तुमच्या आज्ज्यांबद्दलही लिहा. वर्षश्राद्धाला भाऊबंद जमतात आणि सगळे जेवणाबद्दलच बोलतात.

---

रातपाळी

लालबागचं वाचून डोळ्यांत पाणी आलं. माझे वडील अशाच एका खानावळीत जेवायचे. गावकीच्या खोलीत वीस जण, पाळीपाळीनं झोपायचे, एक उठला की त्याच्या गरम वळकटीत दुसरा. आम्ही कोल्हापूरकडचे. वडील त्या बाईंना "वैनी" म्हणायचे आणि दिवाळीत बोनस झाला की आईच्या आधी वैनीला लुगडं. आई त्यावरून चाळीस वर्षं बोलून दाखवतेय.

संपात उधारी दिली हे खरं असणार, कारण आम्हीही खाल्लंय कुणाचं तरी. नाव माहीत नाही. तुमच्या आज्जीचं असेल तर माझ्याकडून तुळशीला एक फेरी.

---

सुपातली

मी तळकोकणातली. माझ्या आजीचे छंद दोन, पत्ते आणि पत्त्यांतली चोरी. झब्बूत एक्का मांडीखाली, बदामसातमध्ये सत्त्या अडवून धरायची आणि "माका काय दिसता गो, म्हातारी मी" म्हणायची. मोतीबिंदूचं ऑपरेशन झाल्यावर आम्हाला वाटलं, आता सबब संपली. मग ऐकू येईनासं झालं.

पण गौरीच्या दिवशी पत्त्यांना हात नाही. तेरड्याची गौर आणायला पोरींना घेऊन स्वतः पुढे व्हायची. नव्या सुनेचा पहिला ओवसा, म्हणजे गौरीला सुपं वाहायचा विधी, असला तर सुपं भरताना तिच्याशिवाय पान हलायचं नाही. कुठल्या सुपात काय, कुणाला कुठलं सूप द्यायचं, सगळं तोंडपाठ. मी वहीत लिहून घेतलं होतं. ती वही गेल्या पावसात भिजली. आता आई आणि मोठी काकी दोघी दोन तऱ्हा सांगतात, आणि दोघीही "सासूबाईंनीच शिकवलंय" म्हणतात.

---

टाकादोरा

मी गेली काही वर्षं गोधड्यांचं काम करते, म्हणून दोन शब्द.

आधी जपणुकीचं. प्लास्टिकच्या पिशवीत घालू नका, आत दमट धरतं आणि बुरशी येते. जुन्या सुती धोतरात किंवा चादरीत गुंडाळा, घडीवर कडुनिंबाचा सुकलेला पाला नाहीतर वेखंडाचा तुकडा. घडी दर तीन-चार महिन्यांनी बदला, नाहीतर घडीच्या रेषेवरच कापड फाटतं. मशिनमध्ये धुवायचं तर अजिबात नाही. आणि ती सुई आजच काढून ठेवा. लोखंडाची सुई गंजते आणि गंजाचा डाग कापडाला खातो. भावना समजते, पण सुई काढा. हवं तर ती जागा दोऱ्यानं खूण करून ठेवा.

आता शिवण्याचं. वाकळ कडेनं आत शिवत येतात. आधी खाली अस्तर पसरायचं, वर जुन्या कपड्यांचा भर, मग कडेपासून ठिगळं लावत धावदोऱ्यानं चौकोनात चौकोन फिरवत मध्याकडे जायचं. म्हणजे तुमची हिरवी कड सगळ्यात जुनी आणि मधली जागा सगळ्यात शेवटची. गणवेशाचं खाकी आत आहे म्हणता, म्हणजे मधे बरीच वर्षं गेलीत. महिन्यात वाकळ संपवणाऱ्या बाईचं हे काम वाटत नाही.

एक बघून सांगाल का? दोऱ्याच्या गाठी कुठल्या टोकाला आहेत, बाहेरच्या ओळींत आणि आतल्या ओळींत. उजव्या हाताची बाई टाके घालत एका दिशेनं फिरते, डावखुरी उलट दिशेनं. आज्जी डावखुरी होती का?

---

माणगंगाकाठ

@टाकादोरा, सुई काढली. आईनं देवघरात ठेवलीय, तांदळाच्या वाटीत.
आज्जी उजव्या हाताचीच. गाठींचं शनिवारी गावी जाऊन बघतो. उलटी बाजू मी नीट बघितलीच नाही.

---

खवचट_खापर

सगळ्यांच्या आज्या सुगरण, सोशिक आणि देवभोळ्या. या संस्थळावर एकाही आजीनं सुनेला छळलेलं नाही, हे बघून आनंद झाला.

माझी आजी कजाग होती. सोवळं इतकं कडक की पाळीच्या चार दिवसांत आई मागच्या पडवीत, जोंधळ्याच्या पोत्यांशेजारी. आजी दुपारभर लक्ष वातींचा नेम करत बसायची. कापसाची सरकी काढायची, पिंजायची, वात वळायची, एका डब्यात शंभर. आणि आई विहिरीवरून पाणी आणायची. त्याला छंद म्हणायचं, श्रद्धा म्हणायचं की सुनेच्या जिवावरची फुरसत, ते तुम्ही ठरवा. वाती सुंदर व्हायच्या. ते नाकारत नाही.

---

माणगंगाकाठ

@खवचट_खापर, बोचलं, पण खरंय. आमच्याकडेही साय नातवांना, नातींना ताक. माझी बहीण हा धागा वाचतेय, तिनं आत्ताच फोन करून "ते सायीचं लिही" म्हणून सांगितलं. मिक्सर आणला तेव्हा आज्जी पंधरा दिवस चटणीला हात लावत नव्हती, आईला पाट्यावर वेगळी वाटावी लागायची. तिच्या रेकॉर्डिंगमध्ये मिक्सर का ऐकू येतो, ते आता लक्षात आलं का? आईनं मुद्दाम लावला होता. हे आईनंच काल हसत हसत कबूल केलं.

---

निळा_पिंपळ

मी मराठवाड्यातला. माझ्या आजीचा छंद म्हणजे पुस्तकं विकत घेणं. तिला वाचता येत नव्हतं.

१४ ऑक्टोबर १९५६ला नागपूरला बाबासाहेबांनी दीक्षा दिली तेव्हा ती तिथं नव्हती. खेड्यातली नवी नवरी, कोण नेणार. पण बातमी गावात आली आणि वस्तीनं घराघरांतले देव गोळा करून नदीला दिले. सासूनं एक टाक पदरात लपवला होता, तो आजीनं तिच्या पदरातून काढून पाण्यात टाकला. ही गोष्ट ती प्रत्येक वेळी वेगळी सांगायची, कधी टाक खंडोबाचा, कधी मरीआईचा. पण पाण्यात टाकताना हात कापत होता, हे कायम तेच असायचं.

नंतर दरवर्षी ६ डिसेंबरला दादर. गर्दीची गाडी, पाठीला भाकरी-चटणी, शिवाजी पार्कात धुळीत झोपायचं, चैत्यभूमीच्या रांगेत पहाटेपासून उभं राहायचं. परत येताना बाकीच्या बाया बांगड्या आणायच्या, ही पुस्तकं. दुकानदाराला म्हणायची, "बाबासाहेबाचं दे, जाड दे." घरी आल्यावर मला वाचायला बसवायची. मी सात-आठ वर्षांचा. काही कळायचं नाही, घटना समितीतली भाषणं वाचायचो. ती पांढऱ्या लुगड्याचा पदर डोक्यावर घेऊन ऐकायची आणि मी अडखळलो की म्हणायची, "थांब, पाणी पी, परत वाच." आजही कोर्टात उभं राहून वाचताना मी अडखळलो तर पाणी पितो.

ओव्यांचं म्हणाल तर आमच्या आजीच्या ओव्यांत भीमरायच होता. जातं तेच, चाल तीच.

@माणगंगाकाठ, तुमच्या दुसऱ्या प्रश्नाला उत्तर देतो. पुण्यात हेमा राईरकर आणि गी प्वातवाँ या दोघांनी सहकाऱ्यांना घेऊन जात्यावरच्या ओव्या गोळा केल्या, एक लाखाहून जास्त. गावोगावच्या बायांनी म्हटलेल्या, गाणारणीच्या नावानिशी आणि गावानिशी लिहून ठेवलेल्या. आता त्या 'पारी'च्या (पीपल्स आर्काइव्ह ऑफ रुरल इंडिया) संकेतस्थळावर वाचता येतात, पुष्कळशा ऐकताही येतात. मुळशी-मावळातल्या खूप आहेत. तुमच्या आज्जीचा आवाज सापडणार नाही, पण ओवी सापडेल. एका बाईची ओवी दुसरीच्या तोंडी थोडी बदलून असतेच. माझ्या आजीची एक मला तिथं जवळजवळ शब्दशः मिळाली, फक्त तिनं जिथं गंगाखेड म्हटलं होतं तिथं दुसरंच गाव होतं.

---

सुकेळी

वसईहून. आमची आजी ख्रिस्ती, म्हणून आधी लिहायला जरा बिचकले. मग निळा_पिंपळ यांचं वाचलं आणि धीर आला.

आजीला लॅटिन मिस्सा अख्खी पाठ होती. एका शब्दाचा अर्थ माहीत नव्हता. तिची पहिली तीस-पस्तीस वर्षं त्यातच गेली. १९६०च्या दशकात व्हॅटिकन परिषदेनंतर मिस्सा मराठीतून व्हायला लागली तेव्हा गावातले बरेच म्हातारे रुसले, देवाला मराठी समजते का म्हणून. आजी म्हणाली, "देवाला समजत होतंच. आता मला समजेल." पण रात्री रोजरीच्या वेळी मधेच तिच्या तोंडून जुने लॅटिन शब्द निसटायचे, आणि आम्ही पोरं खिदळायचो.

छंद म्हणाल तर वाडीतली केळी. राजेळी केळी पिकवून, सोलून, उन्हात वाळवून सुकेळी करायची. हे काम थंडी ओसरून ऊन चढलं की सुरू. मांडव घालायचा, रोज उलटायची, संध्याकाळी आत घ्यायची, माश्या-मुंग्यांवर पहारा. मग केळीच्याच वाळक्या सोपटात बांधायची. तिच्या पुड्याची गाठ बघून लोक सांगायचे, ही अमकीच्या घरची. पहाटेच्या लोकलनं दादरला फुलं विकायला जायची तेव्हा टोपलीच्या तळाशी दोन-चार पुडे असायचे, गिऱ्हाइकांसाठी नाही, डब्यातल्या मैत्रिणींसाठी.

मी एकदा करून बघितली. काळी पडली आणि आंबली. युट्यूबवर बघून केलं होतं.

---

वऱ्हाडी_ठेचा

वर्ध्याकडचा आहो. आमच्या आजीचं एकच म्हननं, "कायले फेकतं रे बाप्पा, राहू दे." वर्तमानपत्राची रद्दी, परीक्षेचे पेपर, लग्नपत्रिका, सारं भिजत घालायची. मंग उखळात मेथीदाने घालून कुटायची आन् तो लगदा उलट्या घागरीवर थापायची. वाळला की टोपलं. वरून रंग. आमच्या घरी अशी चौदा टोपली आहेत अजून. दाने, वड्या, सरगुंडे, सारं त्यातच. माझी दहावीची गुणपत्रिका हरवली तवा घरात सगळ्यायनं पहिले टोपल्याकडेच पाहालं.

संध्याकाळी तुकडोजी महाराजांची सामुदायिक प्रार्थना चुकायची नाही. आजोबा खंजिरी वाजवत, आजी ताल चुकला की त्यायच्याकडे अशी पाहे की आजोबा पुन्हा पहिल्यापासून सुरू करत. भुलाबाईच्या महिन्यात मातर घर पोरींचं. भादव्याच्या पुनवेपासून कोजागिरीपर्यंत रोज गाणी आन् खिरापत ओळखायची. आजी खिरापत झाकून डबा हालवे, पोरी आवाजावरून सांगत. साठ वर्षांची असून सोता ओळखणाऱ्यायमध्ये बसे, आन् आपनच केलेली खिरापत चुकीची सांगे. पोरी जिंकल्या पाहिजे ना.

---

खवचट_खापर

वऱ्हाडी_ठेचा, तुमची आजी मला द्या, माझी घ्या. वातीचा डबा फ्री.

(माझी आजी शेवटच्या वर्षी माणसं ओळखेनाशी झाली होती. आईला स्वतःची आई समजायची. "आई, केस विंचर" म्हणायची. आई विंचरायची. मी कधी विचारलं नाही, काय वाटतं म्हणून. हे कंसातच राहू दे.)

---

टाकादोरा

@सुकेळी, आंबली म्हणजे केळी जास्त पिकलेली होती किंवा रात्री बाहेर राहिली.
@माणगंगाकाठ, शनिवार झाला.

---

माणगंगाकाठ

हो. सगळं लिहितो, जरा लांबेल.

शनिवारी पोचलो, वाकळ अंगणात उलटी पसरली. बाहेरच्या नऊ ओळींच्या गाठी एका टोकाला, त्यापुढच्या सगळ्या दुसऱ्या टोकाला. ओळी फिरल्यात त्याही उलट दिशेनं. बाहेरचा टाका तांदळाएवढा, आतला ज्वारीच्या दाण्याएवढा. मी हे तोंडातून काढायचा अवकाश, पायरीवर बसलेली आत्या म्हणाली, "डावरी म्हंजी मोठी आई."

मोठी आई म्हणजे आज्जीची थोरली जाऊ. बांधापलीकडच्या घरातली. तुम्हाला सांगायचं राहिलं, कारण आमच्या घरात तिचं नाव निघतच नाही. १९८३ला आज्जी मुंबईहून परतली आणि दुसऱ्या वर्षी वाटणीत बांधावरच्या एका बाभळीवरून भांडण झालं. बाभळ कुणाची, एवढंच. त्यानंतर चौदा वर्षं दोघी बोलल्या नाहीत. विहीर एक, वाट एक, दर्शनाला म्हसवडचा सिद्धनाथ एक, आणि एक येताना दिसली की दुसरी पदर सारखा करत तोंड फिरवणार. मोठी आई १९९८ला गेली. मी सहा वर्षांचा होतो, मला फक्त आठवतं की आज्जी त्या दिवशी जेवली नाही आणि कुणी का ते विचारलं नाही.

आत्या सांगत होती, बाराव्यानंतर त्या घरच्यांनी मोठ्या आईचं अंथरूण-पांघरूण उकिरड्याकडेला टाकलं. त्यात ही वाकळ होती, नऊ ओळी घातलेली. आज्जी अंधार पडल्यावर गेली आणि उचलून आणली. कुणाला सांगितलं नाही, आत्यानं बघितलं म्हणून तिला ठाऊक. आत्यालाही "गप बस" म्हणाली. मग दर चातुर्मासात चार ओळी.

सव्वीस वर्षं झाली. दर वर्षी चार ओळी म्हटलं तरी कधीच संपायला हवी होती. आत्या म्हणते, कधीकधी दोन घालायची आणि एक उसवायची. मला ते खरं वाटत नाही. टाके उसवल्याच्या खुणा कुठं दिसत नाहीत. पण आत्यासमोर बोललो नाही.

रविवारी सकाळी वाकळ खांद्यावर टाकून बांध ओलांडला. बाभळ केव्हाच तुटली, तिथं आता विजेचा खांब आहे. पलीकडची काकू, म्हणजे मोठ्या आईची सून, सत्तरीची. आमचं येणंजाणं लग्नकार्यापुरतं. तिनं ओट्यावर बसून हिरवं कापड दोन बोटांत धरलं आणि बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "ह्ये आत्याबाईंचं. चुड्याच्या वक्ताचं." (आत्याबाई म्हणजे तिची सासू, मोठी आई.) मग म्हणाली, "मीच टाकलं व्हतं बाहीर. नवी रीत, कुणीतरी म्हनलं ठिवू न्हाय."

माझी बायको बरोबर होती. काकूनं तिला चष्मा आणायला सांगितला, चष्मा लावूनही सुईत दोरा जाईना, तो बायकोनं ओवून दिला. देवघरातली सुई नेली नव्हती, काकूची होती. दोन ओळी घातल्या. आई दहा वाजता भाकरीला बोलवायला आली आणि तिथंच बसली. मला म्हणाली, तू जा, खा. दुपारपर्यंत तिघी तिथंच. ओव्या वगैरे कुणी म्हटल्या नाहीत, काकूच्या गुडघेदुखीवर आणि टोमॅटोच्या भावावर बोलणं चाललं होतं.

निळा_पिंपळ, ओव्यांचं संकेतस्थळ आत्याला दाखवलं. एक ओवी ऐकून म्हणाली, "ही आईची, पर ह्या बाईनं चाल पळवली." तासभर मोबाइल सोडला नाही. आता रोज रात्री मला फोन करून सांगते, आज अमकी सापडली. माझ्या चार मिनिटांच्या रेकॉर्डिंगमध्ये मिक्सरखाली जी ओवी दबली होती, तिची पहिली ओळ तिनं ओठांवरूनच सांगितली. दुसरी सापडायची आहे.

वाकळ सध्या काकूकडेच आहे. मधली जागा आता वाटीएवढी राहिली. दोरा संपला. @टाकादोरा, दोरा सुतीच हवा ना? बाजारात जाड सुती फक्त लाल मिळाला. चालेल का?

---

रातपाळी

नऊ ओळी. बास, मी ऑफिसात आहे, नंतर लिहितो.

---

माणगंगाकाठची_बहीण

नवीन खातं काढलंय, फक्त एवढं सांगायला. शेवटची ओळ मी घालणार आहे. सायीची भरपाई.

---

टाकादोरा

लाल चालेल, पण आधी दोऱ्याचा तुकडा भिजवून पांढऱ्या फडक्यावर घासून बघा. रंग लागला तर वापरू नका, पहिल्याच धुण्यात हिरव्यावर उतरेल. नाही लागला तर खुशाल शिवा. आणि काकूंना सांगा, गाठ आत दडवू नका, असू दे वर.